फोनवर केलेली सही

जेद्दा

रुकय्या, सलाम. खोकला गेला का तुझा?

घरातला माझा वाटा तुझ्या नावावर करायला तुझ्या अलीला दिलेलं मुखत्यारपत्र कचेरीने परत केलं, हे ऐकून डोकंच फिरलं माझं. त्या वकिलाने ओळख पटवायला फोनच्या कॅमेऱ्यासमोर मला डोळे मिचकावायला लावले, बोटाने सही गिरवून घेतली आणि म्हणाला, “झालं काम, आजी!” आता म्हणतो, दिल्लीचा कायदा पुष्कळ कागदांवर अशी सही चालवून घेतो, मुखत्यारपत्रावर नाही, आणि स्टॅम्प तर मुंबईच्या सरकारचा, तो वेगळाच. मेल्या, हे आधी कुणी सांगायचं?

शेवटी यान्बूहून चार तास गाडीत बसून इथल्या आपल्या वकिलातीत आले. साहेब म्हणतो, “अम्मा, अंगूठा लगा दो.” म्हटलं, “चौथी शिकलेय, सही करते.” त्याच्यासमोर केली. गुडघे ठीक आहेत, विचारू नकोस.

कागद सूनबाई समरीन घेऊन येतेय. तो पोचल्यापासून तीन महिन्यांत अलीने स्टॅम्प भरायचा. लग्नाकार्याची निमित्तं नकोत. वकील म्हणतो, मी मेले की हा कागदही मेला. म्हणून पहिल्याच आठवड्यात पाठव त्याला. तोवर मी मरत नाही.

तुझी थोरली,
हलिमा