पेनीशच्या लाटा आणि आमचं पचन

४ मार्च

ठरलं. यंदा ऑगस्टमध्ये मोंते गोर्दू नाही. दरवर्षी तोच फ्लॅट, तीच छत्री, शेजारच्या छत्रीखाली तीच माणसं, आणि समुद्र म्हणजे कोमट सूप. बास झालं. यंदा पेनीश, जिथे खऱ्या लाटा असतात. सर्फिंग. सहकुटुंब.

खरं कारण फक्त इथे लिहितो. इरिया सप्टेंबरमध्ये शिकायला हॉलंडला चालली आहे. एकुलती एक मुलगी. काल जेवताना म्हणाली, मी यंदा तुमच्याबरोबर येत नाही, आजीच्या छत्रीखाली बसून मला म्हातारी व्हायचं नाहीये. माझ्या तोंडून निघून गेलं, अगं, पण यंदा आपण सर्फिंगला चाललोय! तिने फोनमधून मान वर काढली. खरंच, बाबा? म्हणाली. वर्षभरात तिने माझ्याकडे एवढा वेळ पाहिलं नव्हतं.

त्या भरात हेही सांगून टाकलं की तरुणपणी मी सर्फिंग करायचो. हे खोटं नाही. लष्करात असताना कार्कावेलुशच्या किनाऱ्यावर एकदा फळीवर उभा राहिलो होतो. फळी वाळूवर होती, पण ते तपशील झाले.

५ मार्च

नतेर्सियाला प्लॅन सांगितला. बायकोकडून माणसाला थोड्या उत्साहाची अपेक्षा असते. ती म्हणाली, अदेरितू, तू आंघोळीचं पाणी तापलंय का हे हाताने बघून मग टबात शिरतोस. मी म्हणालो, ती सवय आहे, भीती नव्हे. ती भांडी विसळत राहिली.

१९ मार्च

फिटनेस सुरू. पोटावर पालथं पडायचं आणि एका उडीत पायांवर उभं राहायचं. इंटरनेटवरचा मुलगा हे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करतो. मी मधे एक टप्पा घेतो, गुडघ्यांवरचा. आणि एक सोफ्याचा.

२ एप्रिल

जुनी फळी मिळाली. उत्तम स्थितीत, एक टोक सोडून. दुकानात घेऊन गेलो, कारण तिथे जागा आहे. (आमचं दुकान बाथरूमच्या सामानाचं. आमच्या कास्तेलू ब्रांकूत समुद्र नाही, पण टबांना तोटा नाही.) गिऱ्हाईक नव्हतं म्हणून फळी कोपऱ्यातल्या मोठ्या टबावर आडवी ठेवून तोल साधत होतो. तेवढ्यात एक जोडपं आत आलं. बाल्ताझार, माझा सहकारी, त्यांना म्हणाला, घाबरू नका, हे आमचे समुद्रावरचे तज्ज्ञ. जोडपं काही न घेता गेलं. मंदी आहे.

३ एप्रिल

कंबर. फिटनेस तूर्त स्थगित. सर्फिंगमध्ये मनाची तयारी नव्वद टक्के असते.

१० मे

इरियाने विचारलं, घर बुक केलंस का? मी म्हणालो, बाजाराचा अभ्यास चालू आहे. घाई करणारे लुबाडले जातात. शेवटच्या क्षणी भाव कोसळतात, हे मला फरशांच्या धंद्यामुळे ठाऊक आहे.

१७ जून

भाव कोसळले नाहीत. घरं संपली.

२१ जून

मिळालं! घर पेअरच्या बागांमध्ये आहे. समुद्रापासून जवळ, म्हणजे गाडी असेल तर. मालक फोनवर म्हणाला की झोपताना लाटांचा आवाज येतो. इरियाला हे सांगितलं तेव्हा तिने मला मिठी मारली. तिच्या मैत्रिणी संगीत महोत्सवाला निघाल्या आहेत आणि तिने त्यांना नकार दिला. आमच्यासाठी नकार दिला! दिवसभर दुकानात शीळ घालत होतो. बाल्ताझार म्हणाला, पुरे कर, गिऱ्हाइकं पळतात.

७ जुलै

सासूबाई येणार. मी सुचवलं की पेनीशचा वारा सांध्यांना बरा नाही. त्या म्हणाल्या, मग तुम्ही बुडायला लागलात की ओरडणार कोण?

२८ जुलै

फळी टबाच्या पॉलिशने लख्ख केली. दोन्ही बाजू. त्यात चेहरा दिसतो.

११ ऑगस्ट

पोहोचलो. मोटारीत मागे इरिया, सासूबाई आणि त्यांच्या मधे कुकर. टपावर फळी. वाटेत सासूबाईंनी चार वेळा गाडी थांबवून फळी आहे का ते बघायला लावलं. घर चांगलं आहे. लाटांचा आवाज खरंच येतो. नतेर्सियाचं म्हणणं, तो हायवे आहे.

१२ ऑगस्ट

आज सकाळी पहिला धडा. शिकवणारी झीता नावाची बाई आहे, पन्नाशीची, उन्हाने भाजलेली, मोजकं बोलणारी. माझी फळी पाहून तिने विचारलं, ही टेबल म्हणून आणलीत का? वरची बाजू खरखरीत असावी लागते म्हणे, नाहीतर पाय घसरतो. मी म्हणालो, आमच्या काळी वेगळं होतं.

मात्र पाण्यात उतरता आलं नाही. नाश्त्याला लोणी लावलेला पाव, चीज आणि दुधाची कॉफी झाली होती. सासूबाईंनी वाळूत खुर्ची मांडता मांडता जाहीर केलं, दूध पोटात आहे, तीन तास कुणी पाण्याला पाय लावायचा नाही. इरिया म्हणाली, आजी, हे सगळं थोतांड आहे. सासूबाई म्हणाल्या, थोतांड नाही, पचन आहे. मी मधे पडलो नाही. हा काही सासूबाईंचा एकटीचा नियम नव्हे. माझी आई हेच सांगायची, तिची आईही. झीताला समजावलं की आमच्या ओळखीतले एक काका मटण खाऊन टाकीत उतरले होते. तिने विचारलं, मग काय झालं? ते मला नक्की माहीत नाही, पण त्यानंतर ते पूर्वीसारखे राहिले नाहीत.

पचन होईस्तोवर जेवणाची वेळ झाली. भाजलेले सार्डिन, बटाटे, टरबूज. पुन्हा तीन तास. तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला आणि लाल झेंडा लागला, म्हणजे पाण्यात उतरायला बंदी.

उद्या नक्की.

१३ ऑगस्ट

नाश्ता हलका ठेवला. फक्त पाव. सासूबाई म्हणाल्या, पाव पोटात फुगतो.

इरिया दिवसभर फोनवर मैत्रिणींचे फोटो बघत होती. मी म्हणालो, लाटा कुठे पळून जात नाहीत. ती म्हणाली, मी जातेय ना पण. आणि उठून गेली. मला वाईट वाटलं. संध्याकाळच्या खाण्यावर मन नव्हतं, तरी खाल्लं.

१४ ऑगस्ट

बंड. आम्ही उठायच्या आत इरिया आणि नतेर्सिया काही न खाता पसार. आम्ही पोहोचलो तर दोघी पाण्यात. सासूबाईंनी किनाऱ्यावरून हाक मारली, अगं, उपाशीपोटी चक्कर येते! म्हणजे खाऊन जायचं नाही आणि न खाताही जायचं नाही. या बाबतीत आमच्या लोकांचं शास्त्र परिपूर्ण आहे.

इरिया पडत होती आणि हसत होती. नतेर्सिया एकदा उभी राहिली. उभी म्हणजे सरळ, दोन्ही हात पसरून, किनाऱ्यापर्यंत! माझी बायको. नवशिक्यांना असं कधीतरी जमून जातं. झीताने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा उशिरा.

१५ ऑगस्ट

चर्चचा सण आहे. सणाला पाण्यात जाणं बरं नव्हे, असं मला वाटतं. दोघी गेल्या.

१६ ऑगस्ट

रबरी सूट घातला. अर्धी सकाळ त्यात गेली. चेन पुढे येते असं मी गृहीत धरलं होतं. झीता म्हणाली, मागे. पुन्हा काढायचं म्हणजे आणखी अर्धी सकाळ, म्हणून तसाच राहिलो. मान फिरत नव्हती, पण रुबाब होता.

पाण्यापर्यंत गेलो. वाळू ओली होती तिथपर्यंत. इरिया लाटेतून ओरडली, ये ना बाबा! मी हात केला. तेवढ्यात आठवलं की कॉफीत दूध होतं.

१७ ऑगस्ट, सकाळ

आज शेवटचा दिवस. नाश्ता नाही. कॉफी नाही. पाणीसुद्धा नाही. सासूबाईंना सांगून टाकलं, आज मी तुमचं ऐकणार नाही. त्या म्हणाल्या, पोरा, माझं तू कधी ऐकलंस? या बाईचा हिशोब मला कधी कळला नाही.

१७ ऑगस्ट, दुपार

काय घडलं ते शांतपणे लिहितो.

सूट बरोबर घातला. चेन मागे. वाळूत बसून भरतीची वाट पाहत होतो. पोटात काही नसलं की माणूस हळवा होतो. इरियाकडे बघत होतो. ती लाटेवर उभी राहते, गुडघे वाकवते, तोंड उघडं ठेवते, अगदी लहानपणी पहिल्यांदा चालायला लागली तेव्हा ठेवायची तसं. वाटलं, ही पुढच्या महिन्यात इथे नसेल. कुणी जेवलीस का विचारणार नाही.

नेमका तेव्हा क्रीम भरलेले तळलेले गोळे विकणारा आला. त्याची आरोळी मोंते गोर्दूला असते तीच. एकच घेतला. आधाराला.

शेवटचा घास तोंडात होता तेव्हा इरिया पळत आली. केसांतून पाणी निथळत होतं, ओठ निळे. माझा हात धरून ओढत म्हणाली, चल बाबा, एकदाच. मी धरते फळी. एकदाच चल ना.

मी म्हणालो, बेटा, क्रीम आहे गं.

तिने माझ्या हनुवटीवरची साखर पुसली. हसली. बरं, म्हणाली. आणि गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ

तीन तास झाले होते. मी उठलो होतो. खरंच उठलो होतो. पण तोवर त्या दोघी झीताबरोबर वर येत होत्या, आणि इरियाला काहीतरी सांगायचं होतं. झीताकडे सीझन संपेपर्यंत मदतीला माणूस हवंय. राहायला खोली आहे. इरिया म्हणाली, विमान आहे त्या दिवसापर्यंत मी इथेच राहते ना, बाबा. तूच आणलंस मला इथे. तू नसतास तर मला हे कळलंच नसतं.

नतेर्सिया आधीच हो म्हणाली होती. सासूबाईंनी फक्त विचारलं, नाश्त्याला काय देतात? मी म्हणालो, उत्तम कल्पना आहे. माझ्या मनात हेच होतं.

माझ्या मनात हे नव्हतं. माझ्या मनात अजून दोन आठवडे होते. घरातले. ती खोलीत, दार लावून, पण घरात.

१८ ऑगस्ट

परतलो. गाडीत मागे सासूबाई आणि कुकर, मधे भरपूर जागा. फळी इरियाला हवी होती, म्हणून तिथेच ठेवली. झीताने फळीवरचं पॉलिश खरवडून काढलं म्हणे, आता चांगली चालते.

नतेर्सियाने वाटेत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हणालो, डोळ्यांत वारा जातोय. काचा बंद होत्या.

१९ ऑगस्ट

दुकान. बाल्ताझारने सगळ्यांसमोर विचारलं, काय मग तज्ज्ञ, जमलं का सर्फिंग? म्हणालो, जमलं. कोणाला, ते त्याने विचारलं नाही.

मग म्हणाला, आणि तिकडचं पाणी? फार गार असतं म्हणतात.

बर्फ, मी म्हणालो. नतेर्सियाने तसं सांगितलंय.