अबेलार्दोचा लिनियर आणि निएवेसला घर

मी, हेर्मिनिया साल्गादो, कै. अबेलार्दो यांची पत्नी, राहणार हिबारा, क्यूबा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. पाठ वाकली आहे ती वयाने. मान खाली आहे ती दुसऱ्या कारणाने.

शिवणयंत्र आणि भांडीकुंडी भाची ओदालिसला. ती माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, तरी तिलाच.

नवऱ्याने जुन्या रशियन काचेच्या व्हॉल्व्हवर बांधलेला लिनियर, म्हणजे रेडिओच्या प्रक्षेपणाची ताकद वाढवणारं यंत्र, गावच्या हौशी रेडिओ मंडळाला. अट अशी की त्याला झेपेल त्याहून जास्त जोर कधीही द्यायचा नाही. दिला की आवाजातले सूर एकमेकांत मिसळून नको ते सूर जन्मतात आणि शेजारच्या लहरींवर सांडतात.

चक्रीवादळात तसंच झालं. खालच्या गल्लीतले फ्रोइलान आपल्या रेडिओवर कुठूनतरी येणारी क्षीण हाक ऐकायला धडपडत होते. अबेलार्दो शेजारच्याच लहरीवर हवानाशी मोठ्या रुबाबात बोलत होता. फ्रोइलान भिजत दारात आले.

"अरे, जोर कमी कर! तुझा आवाज माझ्यावर सांडतोय. तिकडे कोणीतरी छपराखाली अडकलंय."

"तुझा रिसीव्हरच भंगार!" म्हणत नवऱ्याने दार लावलं.

मी मुख्य स्विच पाडला. फ्रोइलान पळत घरी गेले. हाक कालेतोनेस गावाहून येतेय हे त्यांना कळलं, माणसं निघाली. पण छपराखालून निएवेस जिवंत निघाली, तिचा नवरा रामिरो नाही.

फ्रोइलाननी गावात चकार शब्द काढला नाही. रस्त्यात भेटले की माझी तब्येत विचारायचे. मला वर बघवायचं नाही.

अबेलार्दो गेल्यावर मीच त्यांना बोलावलं. त्यांनी व्हॉल्व्हचा प्रवाह नीट लावला, रेडिओकडून येणारा जोर उतरवला आणि तपासायला माइकमध्ये दोन सूर एकदम सोडले. मी त्यांच्या घरी बसून त्यांच्या त्याच रिसीव्हरवर आजूबाजूच्या लहरी ऐकल्या. सगळं शांत.

परत येऊन विचारलं, "एवढंच होतं?"

"एवढंच, वहिनी."

तेव्हापासून मी बाजाराला, वादळानंतर इथे भाड्याने राहायला आलेल्या निएवेसचं दार टाळून, लांबच्या वाटेने जाते.

राहतं घर निएवेसला. ती विचारेल, मला का? तेव्हा हा कागद तिला पूर्ण वाचून दाखवावा, माझ्या नवऱ्याचं नाव न गाळता.

साक्षीदार फ्रोइलान सही करताना थांबले. "वहिनी, मेलेल्या माणसाचं नाव कशाला?"

मी म्हटलं, "रामिरोही मेलाच आहे."

त्यांनी सही केली.

हेर्मिनिया साल्गादो
साक्षीदार: फ्रोइलान बातिस्ता, सेनाइदा पुपो
हिबारा, ९ मार्च २०११