मुरगूडला धाडलेलं पत्र

आई, तुला जाऊन वीस वर्षं होत आली. महाराजांनी आता गावोगाव शिक्षण सक्तीचं केलंय. काल एक बाई मुलीला शाळेत सोडून दारातच घुटमळत फळ्याकडे बघत राहिली. मी "आत या" म्हटलं, तर लाजून निघून गेली. तेव्हापासून तू डोळ्यांपुढून हलत नाहीस.

मला शाळेत घालायचं निघालं तेव्हा आजी तुझ्यावर केवढी ओरडली होती! "पोरीच्या हातात पाटी देतीस? उद्या तीच तुला शिकवंल." चुलीत लाकूड सारत तू म्हणालीस, "मग शिकवंल की! शिकंन मी." वडील नव्हते. तू मला कोल्हापुरात मावशीकडे ठेवलंस आणि तंबाखूच्या वावरात माझ्या वाटणीचं कामही स्वतःच ओढलंस.

मी मास्तरीण झाले. दिवाळीच्या सुट्टीत मुरगूडला आले, तर तू हात धुऊन माझी जुनी पाटी घेऊन समोर बसलीस. "मलाबी शिकीव की. निस्तं वाचाय आलं तरी बास." खुरपं धरावं तशी तू पेन्सिल धरायचीस. अ आडवा व्हायचा. तिसऱ्या दिवशी शेजारणी बघायला आल्या, हसल्या. आणि आई, मीही त्यांच्यात हसले. "ऱ्हाऊ दे आता. ह्या वयात तुला न्हाय जमायचं." तू पदरानं पाटी पुसलीस, "व्हय, खरं हाय," म्हणालीस आणि म्हशीला वैरण टाकायला गेलीस. परत कधी विचारलं नाहीस.

पुढल्या साली कोल्हापुरात प्लेग आला. शाळा बंद झाली, गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं. मावशीला ताप भरला. मी तुला लिहिलं, ‘इकडे येऊ नकोस. मी बरी आहे.’ आणि काही दिवसांनी बघते तर तू झोपडीपुढे उभी! दोन दिवस चालत आलेली, पाय सुजलेले, पत्र कमरेला खोचलेलं. मी किंचाळले, "येऊ नको म्हणून लिवलं हुतं न्हवं!" तू घाम पुसत म्हणालीस, "वाचाय कोण न्हवतं गं. मास्तर गाव सोडून गेल्यात. पत्र आलं म्हंजे पोरीनं बोलावलंच असंल, म्हटलं."

त्याच पावली तुला परत धाडायला हवं होतं. पण मी एकटी होते, घाबरलेली होते, तुला बघून मला बरं वाटलं. मी तुला ठेवून घेतलं. तू मावशीच्या उशाशी बसलीस. मावशी वाचली. तू आठव्या दिवशी गेलीस.

"प्लेगात कशाला गेली ती?" मामानं विचारलं, शेजारणींनी विचारलं, पुढं माझ्या मुलांनीही विचारलं. सगळ्यांना मी एकच उत्तर देत आले. "मी लिहिलं होतं. तिनं ऐकलं नाही. हट्टी होती."

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. आणि उद्या कुणी विचारलं, तर बहुधा पुन्हा तेच सांगेन.