टपावर दोन थापा

९ नोव्हेंबर

आजपासून रोज लिहायचं. निदान गाडीचं तरी.

पिकअपमधला कंपनी फिटिंग साउंड बाद झालाय. गाडी घेतली तेव्हा चांगला वाजायचा. आता भजन लावलं तर मृदंग येतो, टाळ गायब. गाणाऱ्या बाईचे शब्द तोंडात सुपारी धरल्यासारखे. कंपन्या मुद्दाम असे स्पीकर टाकतात, गॅरंटी संपली की बसतात. रोज भेंडीचे क्रेट भरून कल्याणला जायचं, ट्रॅफिकमध्ये कुजायचं आणि साधं गाणं पण नीट मिळू नये. कंटाळा आलाय.

ठरलं. दारातले दोन स्पीकर बदलायचे. त्याच्या पुढं एक वायर पण जोडायची नाय.

११ नोव्हेंबर, दुपारी

रोजचं गिऱ्हाईक हरेश, त्याच्या भेंडीचं लफडं झालं. फोनवर म्हणाला, दहाला ये. दहाला गेलो. तर क्रेट उन्हात, भेंडी मलूल आणि हरेश लालबुंद. म्हणतो, सहाला सांगितलं होतं. सहा सांगितलं असतं तर सहाला गेलो नसतो का? मोबाईलचा स्पीकर पण तसलाच निघालाय. उद्यापासून दुसरी गाडी बघतो म्हणाला. किंवा दुसरी जाळी बघतो. काहीतरी बघतो म्हणाला.

१५ नोव्हेंबर

मुरबाडला किशोरच्या दुकानात गेलो. गाड्यांना सीट कव्हर, साउंड वगैरे बसवतो. किशोर गाडीत शेजारी बसला. मी स्टिरिओ लावला तसा दरवाजा उघडून बाहेरच पडला. म्हणाला, पंढरीशेठ, हा तर फुल्लवर आहे. म्हटलं, तेच तर सांगतोय, फुल्लवर ठेवून ही हालत. त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं, मग आत जाऊन सगळ्यात भारी बॉक्स घेऊन आला. धंद्यातल्या माणसाला प्रॉब्लेम लगेच कळतो.

१७ नोव्हेंबर

नवीन स्पीकर बसले. जुने गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले. फरक आहे. नक्की फरक आहे. गावातून येताना मालूआत्या म्हशी घेऊन पार बांधावर चढून उभी राहिली. एवढा मान तिनं सरपंचाला पण दिला नसेल.

२० नोव्हेंबर

फरक गेला. टाळ अजून नाय. किशोर म्हणतो, नुसत्या स्पीकरनं काय होतं, मागं ताकद पाहिजे, अँप्लिफायर पाहिजे. म्हटलं, हे आधी का नाय बोलला? म्हणतो, बोललो होतो.

प्रेमाचं पण एक नवीनच. शेजारच्या सीटवर बसते आणि थांबायचं असलं की डॅशबोर्डवर दोन थापा मारते. हौद्यातली मजूर माणसं टपावर मारतात तशा. दोन थापा म्हणजे गाडी थांबव. ते मागच्यांसाठी ठीक आहे, त्यांचा आवाज पुढं येत नाय. बायको शेजारी बसलीय, तोंडानं सांगायला काय होतं? पूर्वी कल्याणपर्यंत अखंड बोलायची. कोणाची सून नांदत नाय, कोणाच्या वालाला कीड लागली, सगळं. रेडिओ लावायची गरज पडायची नाय. हल्ली नुसती पुटपुटते, आणि परत विचारलं की तोंड फिरवते. दाढ दुखत असणार.

२३ नोव्हेंबर

चांगली बातमी. मेव्हण्याचा, गणूचा फोन. आमच्या अंजूला स्थळ आहे. मुलगा शिकलेला, शहापूरला नोकरीला. वडलांचं नाव शामराव. घर म्हशाला.

म्हसा म्हणजे काय साधं गाव आहे? एवढी मोठी जत्रा. घोंगड्या, बैल, पाळणे, मुंगीला शिरायला जागा नसते. व्याह्याचं घर तिथं म्हणजे दरसाल गाडी लावायला हक्काचं अंगण. यंदा जत्रेला व्याह्याच्या दारात आमची पिकअप, नवीन साउंड चालू. चित्रच डोळ्यासमोर आलं.

प्रेमाचं डोकं भलतीकडंच. सकाळपासून धसई धसई लावलंय. म्हटलं, धसईचा बाजार कुठं पळून जात नाय, आधी पोरीच्या स्थळाचं बघू. कपाळाला हात लावून आत गेली. बायकांना खरेदी आधी सुचते.

२९ नोव्हेंबर

प्रेमाला मुरबाडला दाताच्या डॉक्टरकडं नेलं. ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाय. डॉक्टरनं दाढ न् दाढ तपासली. म्हणाला, दात एकदम फर्स्ट क्लास आहेत, त्रास काय होतोय? मी सांगितलं, बोलताना आवाज नीट फुटत नाय. डॉक्टरनं प्रेमाला बोलायला लावलं. ती काहीतरी बोलली. मग दोघं माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टरनं मला काहीतरी विचारलं, मी हो हो म्हटलं. मग त्यानं तिचे दात उगाचच साफ करून दिले.

हो हो म्हटलं की विषय संपतो. संसार याच्यावरच चाललाय.

५ डिसेंबर

अँप्लिफायर बसवला. सोबत बेसचा डबा पण घ्यावा लागला, किशोर म्हणाला एकाशिवाय दुसरा म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. डबा ठेवायला जागा नव्हती, शेजारच्या सीटवरच बांधला. आता पुढं माझ्याशिवाय कोण मावत नाय. प्रेमा एसटीनं जाईन म्हणाली. तेवढाच तिला पण आराम.

डॅशबोर्डवरचा गणपती बेसनं सरकत सरकत कडेला येतो. चिकटवून टाकला.

टाळ नाय.

९ डिसेंबर

कल्याणच्या मार्केटात बॅटरी बसली. अँपनं सगळी पिऊन टाकली. हमालांनी धक्का मारला. शिव्या दिल्या असतील, मला तर काही ऐकू आलं नाय, म्हणजे दिल्या नसणार. बाजूनं हरेशची भेंडी दुसऱ्याच पिकअपमधून गेली. हरेश पुढं बसला होता. मी हात केला. त्याला दिसलो नसेन.

घरी येऊन सगळं सांगितलं. प्रेमा अंगणाबद्दल काहीतरी पुटपुटली, अंगण वाकडं की काय. म्हटलं, पाहुणे यायच्या आधी सारवून घेऊ.

१३ डिसेंबर

अंजू आज अगदी जवळ येऊन म्हणाली, बाबा, काम दाखवा. बरं वाटलं. घरात कोणाला तरी किंमत आहे. बोनेट उघडलं, बॅटरीपासून अँपपर्यंत सगळं वायरिंग दाखवलं, फ्यूज कुठं, अर्थिंग कुठं. पोरगी बघत राहिली. सारखा कानाला हात लावत होती. कानातलं नवीन घेतलं असावं, म्हटलं छान आहे. तर डोळ्यात पाणीच आलं तिच्या. लग्न ठरायच्या वेळी पोरी हळव्या होतात.

आमचा बा, धाकलू, तो शेवटी ठार बहिरा झाला होता. त्याच्यापुढं ओरडून ओरडून आईचा घसा बसायचा. नशीब, मला तसलं काय नाय.

२० डिसेंबर

अंजूचा फोटो त्यांना आवडलाय, उद्या मुलाचं घर बघायला जायचं. अंजू घरी राहणार. प्रेमा, गणू, मालूआत्या आणि भागीकाकी मागं हौद्यात, सतरंजी टाकून. पेन ड्राइव्हमध्ये हळदीची गाणी भरून घेतली. व्याह्यानं लांबूनच ओळखलं पाहिजे, मुलीकडची गाडी आली.

गणू तीनदा येऊन रस्त्याबद्दल काहीतरी सांगून गेला. हो हो म्हटलं. म्हशाचा रस्ता मला शिकवतोय.

२१ डिसेंबर, सकाळी

नारळ फोडला. निघतोय. आज टाळ ऐकू येणार असं वाटतंय.

२१ डिसेंबर, संध्याकाळी

जे झालं ते लिहितो. चूक कोणाची ते वाचणाऱ्यानं ठरवावं. म्हणजे मीच.

मुरबाडपर्यंत झकास. म्हशाचा रस्ता धरला आणि टपावर थापा सुरू झाल्या. हळदीचं गाणं लागलेलं. म्हटलं वा, मंडळी रंगात आली. आवाज वाढवला. थापा पण वाढल्या. मागच्या काचेतून भागीकाकी दोन्ही हात हलवत होती, मी पण एक हात वर करून नाचवला. गणू तर चप्पल काढून टपावर ठेका धरत होता. सासरच्या माणसांत एवढी जान मी माझ्या लग्नात पण बघितली नव्हती. मन भरून आलं.

म्हशाला पोचलो. शामरावांचं घर विचारलं, कोणालाच माहीत नाय. मागं बघतो तर मालूआत्याच्या केसांचं झुडूप झालेलं, गणूच्या हातात चप्पल तशीच. प्रेमा उतरली. खिडकीतून हात घालून स्टिरिओ बंद केला. माझ्या तोंडासमोर तोंड आणून एकच शब्द म्हणाली. ओठांवरून कळला.

धसई.

पुढं धसईपर्यंत कोणी काय बोललं नाय. बोलले असतील तर माहीत नाय.

तिथं जेवणं खोळंबलेली, भात गार झालेला. शामराव मात्र भला माणूस. पाय धुवायला पाणी दिलं, शेजारी बसवलं. मधेच मला काहीतरी विचारलं. हळू बोलतात फार. जमिनीचं विचारत असणार म्हणून मी म्हटलं, हो हो, तीन पिढ्यांपासून. सगळं घर गप्प झालं. एवढी जुनी जमीन म्हटल्यावर छाप पडतेच.

२४ डिसेंबर

गणू निरोप घेऊन आला. मुलगी पसंत आहे, पण ते लोक विचार करून सांगणार. मी विचारलं, विचार कसला? गणू म्हणाला, दाजी, आणि अंजूकडं बघायला लागला. शेवटी अंजूनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं. एवढ्या मोठ्यानं की शेजारचं कुत्रं उठलं.

शामरावांनी विचारलं होतं, पाहुणे, तुमाला कमी ऐकू येतं का? आणि मी म्हणालो होतो, हो हो, तीन पिढ्यांपासून.

आता त्यांना भीती की हे घराण्यातच आहे. उद्या अंजूला झालं तर, तिच्या पोरांना झालं तर.

मी म्हटलं, शामरावच पुटपुटतात. मग म्हटलं, हौद्यातून उतरून लगेच बसलं की कानाला दडे बसतात. मी तर पुढं बसलो होतो. अंजू समोर उभी राहून रडत होती. तिचं रडणं मला दिसत होतं, आवाज येत नव्हता. माझ्याच पोरीचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२६ डिसेंबर

ठरवलं, शहापूरला कान दाखवायचे. गेलो. दवाखान्यात गर्दी होती. गर्दीत काय तपासणार? चहा घेऊन परत आलो.

३० डिसेंबर

आज प्रेमा आणि अंजू दोघी सोबत आल्या, पळायला जागा ठेवली नाय.

काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा. मी वाट बघत बसलो. मशीन बिघडलं असणार असं आधी वाटलं. मग बाईंकडं बघितलं. त्या बटण दाबायच्या आणि काचेतून माझ्याकडं बघायच्या. परत दाबायच्या, परत बघायच्या. माझं बोट मांडीवरच.

बाई म्हणाल्या, बारीक आवाज सगळे गेलेत. घराण्याचं नाय, वय आणि वर्षानुवर्षं डिझेलची घरघर. त्यात हल्ली फुल्लवर गाणी ऐकता का? मी हो हो म्हटलं. या वेळी खरं होतं.

गणूला लगेच धसईला पाठवला.

४ जानेवारी

काल म्हशाची जत्रा भरली. गेलो नाय. कोणाच्या अंगणात लावणार?

कानात मशीन बसलं. आता घरात भांडी फार वाजतात. किशोरकडं गेलो. त्यानं गाडीत बसून स्टिरिओ लावला, तसा मी दरवाजा उघडून बाहेरच पडलो. म्हटलं, बाबा, हे सगळं काढ आणि जुने स्पीकर लाव. नवीन माल परत घेतोस का विचारलं, तर त्यालाच कमी ऐकू यायला लागलं. बेसचा डबा आता माळ्यावर, जुन्या स्पीकरच्या जागी.

जुने लावून भजन सुरू केलं. टाळ आला. पहिल्यापासून होता. कंपनीचे स्पीकर चांगले होते.

संध्याकाळी शामरावांचा फोन. मीच घेतला. म्हणाले, आमाला पटलंय, रविवारी या, सुपारी फोडून टाकू. फक्त गाडी वाजवत आणू नका. हो हो म्हटलं, आणि गाव कोणतं ते परत विचारून घेतलं.

११ जानेवारी

सुपारी फुटली. अंजूचं जमलं. आता जरा टेकतो.

जाताना प्रेमा पुढं बसली होती, किती दिवसांनी. नवीन लुगडं. स्टिरिओ बंद ठेवला मी, मुद्दाम. सीट कुरकुरते, इंडिकेटर टिकटिक करतो, हे विसरूनच गेलो होतो. म्हटलं, आता ही बोलेल. मुरबाड आलं, मुरबाड गेलं.

पुढं एका ठिकाणी तिनं डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या. रस्त्याकडेला हार दिसले होते, ते घ्यायचे होते. गाडी बाजूला घेतली. म्हटलं, अगो आता थापा कशाला, आता ऐकू येतंय मला. तोंडानं बोल. काय पण बोल, कल्याणपर्यंत बोलायचीस तशी.

तिनं नवीन लुगड्याचा पदर सावरला. मग दरवाजा उघडता उघडता म्हणाली, आता काय बोलू, सवय गेली माझी.

हळूच म्हणाली. एक अक्षर सुटलं नाय.