गोलकीपर हलवायचा नाही

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायचं म्हटलं तरी मला जरा संकोच वाटतो. भांडायचं राहूनच गेलं खरं. आज ते काढून बसलोय, तेही परळच्या हॉस्पिटलात, नातेवाइकांना बसायला जो हॉल असतो तिथं. भाग तुमच्या ओळखीचा आहे. आपली शाळा इथून चालत जाण्याएवढी जवळ, तिच्या अर्ध्या मैदानात आता शाळेच्याच बसगाड्या उभ्या असतात. समोर आवाज बंद करून टीव्ही चालू आहे. शेजारी एक बाई डब्यातल्या पोळीचा तुकडा मोडून तो नुसताच हातात धरून बसल्या आहेत. माझी बायको आत अतिदक्षता विभागात आहे आणि मुलगी परदेशात, बर्फावर. आज संध्याकाळी तिचा सामना आहे. आईचं तिला अजून काहीही ठाऊक नाही.

मुलगी आइस हॉकी खेळते, भारताकडून, आणि गोलकीपर आहे. तुम्ही ऐकलं असतंत तर हातातली शिट्टी खाली पडली असती. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, नाहीतर मासळीच्या पाटीतला. शिवाजी पार्कच्या कडेला चाकांचे स्केट घालून ती धडपडायला लागली, मग चाकांवरची हॉकी आली, आणि एका हिवाळ्यात कुणीतरी तिला हिमालयातल्या शिबिराला घेऊन गेलं. तिथून ती बर्फाचीच झाली. लोक विचारतात, हे खूळ कुठून आलं. मी खांदे उडवतो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते तुमच्या स्वयंपाकघरातून सुरू होतं.

लालबागची तुमची ती खोली. मागच्या बाजूला ओटा, आणि ओट्याखाली फरशीवर आम्ही शाळेचा सगळा हॉकीचा संघ, मांडीला मांडी लावून. तुम्ही एकटे राहायचात, त्यामुळे आम्हाला ओरडणारं दुसरं कुणी नव्हतं. कुकरमध्ये आमच्यासाठी खिचडी चढवायचात आणि ती होईपर्यंत मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या फरशीवर मांडायचात. हळद मधोमध, जिरं आणि मोहरी दोन बाजूंना, धने आणि तिखट मागे, आणि गोलात हिंगाची डबी. वेलदोडा म्हणजे बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी असते ती रबरी चकती. मग रशियाचा संघ खेळायला लागायचा. बर्फ तुम्ही स्वतः कधी पाहिला नव्हता. त्या काळी रशियाची मराठी मासिकं यायची, गुळगुळीत कागदाची. आमच्या आया ती वह्यांना कव्हरं घालायला जपून ठेवत, तुम्ही मात्र ती वाचायचात. माझ्या भूगोलाच्या वहीवर त्यांच्या गोलकीपरचा फोटो होता, तुम्हीच दिलेला, आणि त्या जाळीच्या मुखवट्यामागचे डोळे माझ्याकडे बघतात असं मला वर्षभर वाटत होतं.

काय गोष्ट सांगायचात तुम्ही. महायुद्ध संपलं तेव्हा त्या लोकांना हा खेळ नीट येतही नव्हता. त्यांची जुनी हॉकी चेंडूची होती, चकतीची नव्हे. त्यांनी तो शून्यापासून शिकून घेतला, आणि पहिल्यांदाच जगज्जेतेपदाला उतरले ते जिंकून परत गेले. मग ऑलिंपिकमागून ऑलिंपिक. चकती एकाच्या काठीवर टिकतच नाही, पाच माणसं आणि डोकं एकच, असं म्हणत तुम्ही वेलदोडा या वाटीकडून त्या वाटीकडे सरकवायचात आणि आम्ही खिचडी विसरायचो. शेवटी यायची ती हार. अमेरिकेची कॉलेजातली पोरं, त्यांच्यापुढं हा पहाडासारखा संघ. पहिला भाग संपता संपता एक गोल बसला आणि प्रशिक्षकानं रागाच्या भरात आपला जगातला सर्वांत चांगला गोलकीपर बाहेर काढला. इथं तुम्ही हिंगाची डबी उचलून ओट्यावर ठेवायचात. शाळेत तुम्ही शुद्ध बोलायचात, पण या जागी आलात की मालवणी यायचीच.

"गोलकीपर हलवूचो नाय. काय पण होवंदे."

रशियाचा तो संघ वर्षातले अकरा महिने घरदार सोडून एकत्र राहतो, हेही तुम्हीच सांगितलंत, डोळ्यांत चमक आणून. पुढं मी त्यांच्याविषयी बरंच वाचलं. ती छावणी होती, सर. दाराशी पहारा, बायकापोरांची भेट मोजूनमापून. जितके जिंकत गेले तितकं कुंपण आवळत गेलं. त्या गोलकीपरनं नंतर पुन्हा सुवर्णपदक मिळवलं आणि मग एवढंच मागितलं की मला घरी राहू द्या, सरावाला मी रोज येईन. त्याला नाही म्हणाले. त्यानं खेळच सोडला. हे तुम्हाला माहीत होतं का? त्या मासिकात नसणारच. पण माहीत असतं तरी तुम्ही आम्हाला सांगितलं नसतंत, असं मला आज वाटतं.

आमच्या अंतिम सामन्याच्या आधी तुम्ही आमची छावणी केलीत. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या, घरी जायचं नाही, घरच्यांनी यायचं नाही. आम्हाला कोण अभिमान. माझे बाबा रे रोडला लाकडाच्या वखारीत होते. मी गोलकीपर, आणि माझ्या पायांचे पहिले पॅड त्यांनीच केले होते, वखारीतल्या पातळ पट्ट्या तासून आणि आत गोणपाट भरून. छावणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वखारीतली ओंडक्यांची थप्पी सरकली आणि बाबा खाली सापडले. आईनं शेजाऱ्याला शाळेत पिटाळलं. निरोप तुम्हाला मिळाला. तुम्ही दादरपलीकडच्या हॉस्पिटलात गेलात, परत आलात, आणि आम्हाला खिचडी वाढलीत. मला दोनदा तूप घातलंत. मी ते ताट आजही डोळ्यांपुढं आणू शकतो.

दुसऱ्या दिवशी आपण जिंकलो. मी एकही गोल होऊ दिला नाही. विजेतेपदाची ढाल माझ्या हातात, आणि तुम्ही मला एकट्याला टॅक्सीत बसवलंत. मी टॅक्सीत पहिल्यांदाच बसत होतो. खिडकीतून बघत होतो की ओळखीचं कुणी दिसतंय का, ढाल मुद्दाम काचेला लावून धरली होती. हिंदमाता मागे गेलं तसं मी म्हटलं, सर, आधी वखारीत जाऊ या का, बाबांना दाखवू. तुम्ही ड्रायव्हरला सरळ घ्या म्हणालात. बाबा त्या दिवशी सकाळीच गेले होते. मी मैदानात पॅड बांधत होतो तेव्हा.

त्यानंतर मी काठी हातात धरली नाही, पण तुमच्याकडे येत राहिलो. का, ते विचारू नका. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. माझी बँकेतली नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेढा अर्धा मोडून माझ्या तोंडात घातलात, आणि मला वाटलं आता बोलाल. बोलला नाहीत. मग तुम्हीच गेलात. आणि त्यानंतर किती तरी वर्षांनी, एका दुपारी भाजी निवडता निवडता, आईनं मला उरलेलं सांगितलं. त्या संध्याकाळी बाबा शुद्धीवर होते. वॉर्डाचं दार हललं की मान तिकडे वळवायचे. तुम्ही त्यांच्या उशाशी बसलात, त्यांचा हात हातात घेतलात, आणि ते विचारत राहिले तसे सांगत राहिलात, "निघालाय तो. दादरला पोचला असेल." आईनं हे तक्रार म्हणून नाही सांगितलं. "मास्तर होते म्हणून तुझे बाबा शांत गेले," असं म्हणून तिनं पुन्हा भाजी हातात घेतली. मी उठून गॅलरीत गेलो. तुम्ही जिवंत असतात तर त्या दिवशी तुमच्या अंगावर धावून आलो असतो.

बायकोला हे सगळं ठाऊक आहे. लग्नाआधीच सांगितलं होतं, तुमच्या वेलदोड्यासकट. म्हणून मुलगी पहिल्या शिबिराला निघाली तेव्हा तिनं दारातच मला बजावलं, "काहीही झालं तरी तिला कळवायचं. तुमच्या बाबतीत झालं ते तिच्या बाबतीत नको." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

मुलीच्या संघाची गोष्टही तुम्हाला आवडली असती, सर. पहाडातल्या मुली बहुतेक. शेतात पाणी सोडायचं, रात्रीत गोठवायचं आणि पहाटे त्यावर खेळायचं. मुलग्यांचे जुने पॅड, पायाला मोठे होणारे बूट, आत कापडाचे बोळे. पहिल्यांदा बाहेर खेळायला गेल्या तेव्हा इतक्या वाईट हरल्या की आकडा घरी सांगायलाही लाजल्या. मग एकदा जिंकल्या. मग जिंकायची सवय लागली. मुलगी हे सांगायची तेव्हा मी तिला रशियाचं सांगायचो, आमच्या फरशीवर वाट्या मांडून, तुमच्यासारखाच. हिंगाची डबी उचलून ओट्यावर ठेवायचो. लहानपणी हीच गोष्ट ऐकताना ती घाबरून डबी पुन्हा खाली आणून ठेवायची. आज जिंकल्या तर पदक नक्की. दुसरी एक गोलकीपर आहे, पण ती अजून शाळेत जाते, आणि एवढ्या मोठ्या सामन्यात कधी उभी राहिलेली नाही.

काल सकाळी बायकोला इथं आणलं. हृदयाची झडप, आधीपासून दुखणं होतंच, पण असं कोसळेल असं वाटलं नव्हतं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. वयानं माझ्या मुलीएवढ्याच असतील. जवळच्यांना बोलावून घ्या, म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा तेच म्हणाल्या. काल दुपारी फोन केला असता तर मुलगी आज इथं असती. विमानं होती. मी बघून ठेवली होती. फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं, आणि डोळ्यांपुढं बायको यायला हवी होती की नाही? आली ती हिंगाची डबी. मला भीती वाटली, सर. ती डाव टाकून येईल याची वाटली, आणि ती डाव टाकून आली नाही तर काय, याचीही वाटली. सकाळी करू, असं ठरवलं. सकाळी म्हटलं, आता कळवून तरी काय, सामन्याआधी पोरीचं मन कशाला मोडायचं. एकेक कारण सुचत गेलं आणि प्रत्येक कारण तुमच्या आवाजात होतं.

मघाशी मला पाच मिनिटं आत सोडलं होतं. बायकोनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे दाराकडे. तोंडावरचा मास्क बाजूला करून तिनं विचारलं, "लावलात का तिला फोन?"

"निघालीय ती," मी म्हटलं. "दिल्लीला पोचली असेल."

सर, शब्द शोधावे लागले नाहीत. जणू इतकी वर्षं तोंडात ठेवले होते. तिनं माझा हात दाबला. माझ्यावर तिचा विश्वास आहे, या बाबतीत तर सगळ्यांत जास्त. "मग थांबते मी," एवढं म्हणाली आणि डोळे मिटले. पण मिटलेल्या डोळ्यांनीही, दार हललं की तिची मान तिकडे वळते. मी काचेतून दोनदा पाहिलं. आणि माझे बाबा कसे दिसत असतील ते मला आज कळलं, कारण त्या वॉर्डात तेव्हा मी नव्हतो.

तुम्ही ते दयेनं बोललात की ढालीसाठी, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. आयुष्यभर वाटायचं, तुम्हाला नक्की ठाऊक असणार आणि तुम्ही सांगत नाही आहात. आता वाटतं, तुम्हालाही ते धड ठाऊक नसेल. मला नाही.

सामन्याला अजून थोडा वेळ आहे. बर्फावर जायच्या आधी मुलींचे फोन मॅनेजरबाई एका पिशवीत जमा करून घेतात, ते अजून केले नसतील. म्हणजे अजूनही लावता येईल. शेजारच्या बाईंनी पोळीचा तुकडा पुन्हा डब्यात ठेवला. आतून नर्स येऊन माझं नाव विचारून गेली, पेशंट तुम्हाला बोलावतायत, म्हणाली. आलोच, असं सांगून मी हे लिहितोय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकतो, तिला कुणी साक्षीदार नको. मुलींचे सामने आता मोबाईलवर दिसतात. काल सकाळी बायकोला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते, तेव्हा मी तिची औषधांची पिशवी घरी विसरलो. मोबाईलचा चार्जर मात्र आठवणीनं घेतला.