एकतीस नंबरची फळी

कास्तेल्मोरा, २९ मार्च

प्रिय मार्झिया,

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस की बाबा, मी थोरल्या बुरुजाचं काम नको म्हणून कळवणार आहे, त्यापेक्षा तिकीटखिडकीवर बसेन; आणि मी नुसतं "बरं" म्हणालो. तुला चुकल्याचुकल्यासारखं झालं असणार. तुझा बाप आणि एका शब्दात गप्प! पण त्या दिवशी माझे चारच किल्ले झाले होते, पाचवा बाकी होता, आणि अर्धवट मापावर मी बोलत नाही हे तुला माहीत आहे. काल पाचवा झाला. नगरपालिकेला तुझं उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत हवं आहे, म्हणून टपालावर विसंबत नाही. अत्तिल्यो बुधवारी वेरोनाला यायचा आहे, तो तुझ्या आत्याच्या दारात हे पत्र आणून देईल. त्याला कॉफी पाज, पण तो सांगेल त्यातलं निम्मंच खरं मान. तीस वर्षं सरोवरावर बोट हाकली म्हणून तो अजूनही समोरच्या काठावर ऐकू जाईल असं बोलतो, आणि वाढवून बोलतो.

सुरुवात लिंबघरापासून करतो. लिंबांना थंडी लागू नये म्हणून हिवाळाभर लावतो त्या फळ्या यंदा पंधरा दिवस आधी उतरवल्या. किल्ल्याच्या दक्षिण भिंतीला टेकलेली आपली सव्वीस झाडं हिवाळ्यात सुखरूप राहिली, एक फांदीसुद्धा काळी पडली नाही. चौसष्ट फळ्या, बावीस काचेच्या चौकटी, सगळ्या नंबराप्रमाणे रचून ठेवल्या. फक्त एकतीस नंबरची फळी मधोमध तडकलेली निघाली. ती मी बाजूला घेतली, तडकल्या जागी कापली, कडा घासल्या आणि आतून तुझ्या आईची जुनी लोकरीची शाल ठोकली. मग माझ्या डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत तीन पट्ट्यांनी ती अशी आवळली की गुडघा एक अंशसुद्धा वाकू नये. कोनमापक लावून पाहिला. नाही वाकत. डॉक्टरांनी तुझा गुडघा सळई घालून कायमचा सरळ केला आहे, तसाच.

तुझ्या आईला वाटलं मी पडलो. मग कळल्यावर तिने कढईत सार्डिन मासे परतता परतता, मान न वळवता, ऐकवलं की घरात एक लंगडं होतं तेवढं पुरे नव्हतं वाटतं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मात्र मी निघालो तेव्हा पिशवीत भाकरी आणि चीज होतं, आणि वरचा पट्टा तिने स्वतः आवळला, माझ्यापेक्षा घट्ट.

पहिला किल्ला सिर्मिओनेचा. नंतर तोर्री, मग मालचेसिने, मग रीवा. तू या चारही ठिकाणी शेकडो माणसं फिरवली आहेस, तेव्हा वर्णन करत नाही. मोजमापं मात्र सोबतच्या वहीत आहेत: पायरीची उंची, रुंदी, कठडा कुठल्या हाताला, बसायला कोनाडा कितव्या पायरीवर. लाकडी जिने सोपे गेले. वर जाताना चांगला पाय आधी, उतरताना ताठ पाय आधी, हे तुझ्या व्यायामवाल्या बाईंनी तुला शिकवलं तेव्हा मी कोपऱ्यात बसून लिहून घेतलं होतं. मालचेसिनेला फजिती झाली. तिकिटाच्या बाईने माझा पाय पाहिला आणि प्रेमाने म्हणाली, काका, तुम्हाला सवलतीचं देते. मी म्हटलं, पाय धडधाकट आहे, पूर्ण दराचं द्या. ती म्हणाली, मग ही फळी? मी म्हटलं, हौस. त्यावर ती जी उसळली! देवाने दिलेला चांगला गुडघा बांधून हिंडता, लाज नाही वाटत, माझ्या आईला विचारा गुडघा म्हणजे काय ते! मागच्या रांगेतल्या लोकांनी मान डोलावली. मग मला तुझं सांगावं लागलं. ती खिडकी सोडून बाहेर आली आणि पहिल्या दारापर्यंत माझी वही धरून चालली. उतरल्यावर तिने एकच विचारलं: जमलं का? मी म्हटलं, जमलं. तेव्हा ती म्हणाली, मग तिला घेऊन या, सवलत तिलाही देणार नाही.

तू सात वर्षांची असताना मी तुला पहिल्यांदा किल्ल्यात नेलं ते आठवतं? पत्रकात छापलेला पायऱ्यांचा आकडा तू मोठ्याने वाचलास आणि मी म्हटलं, कागदावर विश्वास ठेवू नकोस, मोज. तू मोजल्यास आणि दोन कमी भरल्या. परत खाली येऊन पुन्हा मोजल्यास. तेव्हा मला कळलं की ही माझी आहे. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. जे शिकलो ते रंधा मारता मारता आणि ग्रंथालयाच्या बाकावर. पण तू मार्गदर्शकाच्या परीक्षेला बसलीस तेव्हा सगळे प्रश्न रात्रंदिवस मीच विचारले, आणि तुझ्या बिल्ल्यावरची मोहर तुझ्यापेक्षा मी जास्त वेळा पाहिली असेल.

आता आपला थोरला बुरूज. आठ वर्षं डागडुजीसाठी बंद, मेमध्ये उघडणार, आणि पहिली तुकडी तू न्यावीस असं त्यांनी स्वतःहून विचारलं. तू म्हणालीस, दगडी गोल जिना आहे बाबा, तो माझ्या पायाचा नाही. जिन्याची दुरुस्त लाकडी दारं मीच बसवतो आहे, त्यामुळे किल्ली माझ्याकडे असते. काल सकाळी अत्तिल्योला खाली उभा केला आणि चढलो. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. नव्या पत्रकात नव्वद छापल्या आहेत. त्यांनी दोन उंबरे धरले आहेत, मी कळवलं आहे. चढायला अडचण आली नाही. जिना उजवीकडे वळत चढतो, मधला खांब उजव्या हाताला, म्हणून पायरीचा रुंद भाग डावीकडे, आणि ताठ पाय फिरवून टाकायला डावीकडे भरपूर जागा मिळते. तुझाही डावाच पाय. एकोणीस मिनिटांत माथ्यावर होतो. बाल्दोच्या डोंगरावर अजून बर्फ आहे.

उतरताना अडकलो. उतरताना सगळं उलटं होतं: खांब डाव्या हाताला येतो, पायरी तिथे चार बोटांची, आणि ताठ पाय टेकायला जागाच नाही. बावन्नाव्या पायरीवर मी खिळल्यासारखा उभा राहिलो. खाली जाता येईना, पाठीमागे वर चढता येईना. खालून अत्तिल्यो ओरडतोय, अरे गेल्मिनो, जेवण टोपलीतून वर पाठवू का, की पाद्रीबाबांनाच बोलावू? मला हसू आलं नाही. घाम फुटला होता, आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा वाईट वाटत होतं ते हे, की पोरीचंच बरोबर निघालं. फळी सोडून सरळ उतरलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पट्ट्याला हातही लावला होता. तेवढ्यात अत्तिल्यो वैतागून म्हणाला, बोटीच्या शिडीवरून माणूस कसा उतरतो ते विसरलास काय, गाढवा!

मार्झिया, चाळीस वर्षं शिड्यांवर काढलेल्या सुताराला हे एका बोटवाल्याने सांगावं! शिडीवरून कुणी तोंड बाहेर करून उतरतं का? मी कठड्याऐवजी भिंतीला लावलेल्या दोराला धरून सावकाश वळलो, तोंड जिन्याकडे केलं आणि पाठमोरा उतरू लागलो. खांब पुन्हा उजवीकडे. रुंद पायरी पुन्हा डावीकडे. ताठ पाय मागे टाकला, टेकला, चांगला पाय आणला. बावन्न, एकावन्न, पन्नास. तळाला पोचलो तेव्हा अत्तिल्योने टोपी हवेत उडवली आणि ती सरोवरात पडली, हे मात्र तो सांगेल ते पूर्ण खरं आहे. मी लगेच पुन्हा चढलो. आणि दुपारी तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी चौदा मिनिटं वर, सोळा खाली, एकदाही न बसता. आणि तेव्हाच ध्यानात आलं की पाठमोरं उतरताना मी वरच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघतोय. तिथे तुझी माणसं असतील. बाकीचे मार्गदर्शक उतरताना लोकांना पाठ दाखवतात आणि कुणाला काही ऐकू येत नाही. तू एकटीच अशी असशील की सगळा जिनाभर त्यांच्या तोंडाकडे बघून बोलशील.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. नोव्हेंबरात, दवाखान्यात, डॉक्टर खोलीबाहेर गेले आणि मी तुझ्या पलंगाच्या दांडीला मापपट्टी लावत उभा होतो, कारण हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. तेव्हा मी म्हणालो, "आता किल्ले संपले, पोरी." तू भिंतीकडे तोंड केलंस. डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं. व्यायामवाल्या बाईंनीही नाही. ते मी म्हणालो, आणि तू मानलंस, कारण लहानपणापासून तुला ठाऊक आहे की तुझा बाप मोजल्याशिवाय बोलत नाही. त्या दिवशी मी मोजलं नव्हतं. घाबरलो होतो. चार महिने ते वाक्य माझ्या घशात अडकून आहे, आणि चूक कबूल करायची सवय नसल्यामुळे मला ते काढायला पाच किल्ले चढावे लागले. ते माप चुकीचं होतं, मी ते खोडतो. शुक्रवारी काय कळवायचं ते तूच ठरव, पण ठरवताना वहीतला शेवटचा आकडा धर. आणि हो म्हणालीस तर पहिल्या तुकडीत माझं नाव घाल. तिकीट मी काढीन, पूर्ण दराचं.

फळी आता नाही बांधणार. तुझ्या आईला शाल परत हवी आहे.

तुझाच,
बाबा