चौथं रीळ

दि. ४ मार्च

ती. ताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईला एकवीस तारखेला ऐंशी पूर्ण होतात. काय हवं म्हणून विचारलं, तर तिने तू काम केलेला सिनेमा बघायचाय असं सांगितलं. मी चाटच पडले. ज्याचा विषय निघाला की बाई उठून आत जायची, तोच सिनेमा! मग खाली बघत म्हणाली की त्यात नाना आहेत, जिन्यावरून बादली घेऊन उतरताना, ते एकदा बघू दे.

तुम्हा सिनेमावाल्यांना जागा मिळेना म्हणून आपल्याच घरात शूटिंग केलंत. नाना तोंड फुगवून बसले, तरी बादली उचललीच त्यांनी. ते गेल्यावर हलते-चालते नाना म्हणजे तेवढाच तुकडा उरला. मामा, काका, वहिनीच्या माहेरचे, सगळ्यांना बोलावलंय. तू तर फिल्म संग्रहालयात जगाचे सिनेमे सांभाळतेस, तुला काय अवघड! तो मिठीचा प्रसंग आला की मामाला चहा टाकायला पाठवीन.

नाही म्हणालीस तर गाठ माझ्याशी आहे. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी चिमणी

दि. ११ मार्च

चि. चिमणीस, अनेक उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी माझ्या सिनेमाचे डबे काढले. झाकण उघडताच व्हिनेगरचा वास आला. फिल्म सडायला लागली की असाच वास येतो. नानांचं चौथं रीळ चिकटून पार दगड झालंय. सोडवायला गेले तर चित्र कागदावरून रंग सुटावा तसं हातात आलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनीही हात टेकले. दुसरी प्रत कुठेही नाही.

नव्या मुलांना मी रोज बजावते, वर्षातून एकदा तरी प्रत्येक डबा उघडून बघा. स्वतःचा मात्र मी कधीच उघडला नाही. आपल्याच पोळीवर तूप ओढलं असं लोक म्हणतील, ही सबब मी स्वतःला देत राहिले. खरं सांगू? पडद्यावरची ती मी मला बघवत नव्हती. तुम्ही सगळ्यांनी मान खाली घातलीत, तशी मीही घातली. इतरांचे बाप वाचवले गं मी, आणि आपला घालवला.

आईला काय तोंड दाखवू? बाकीची रिळं फिकी पडलीत, पण चालतील. ती आणून तरी काय करू, त्यात नुसती मीच आहे. मंडळींना तूच काहीतरी सांग. रागावलीस तरी मला तोडू नकोस.

तुझी ताई

दि. १५ मार्च

चि. थोरलीस, आईचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. चिमणीने तुझं पत्र वाचून दाखवलं आणि ती रडत बसली. मला मात्र तुझ्यापेक्षा माझीच लाज वाटली.

ह्यांचं मी निमित्त पुढे केलं. ह्यांना मी जन्मभर बादली घेऊन उतरताना पाहिलंय, डोळे मिटले तरी दिसतात. पोटच्या पोरीचा सिनेमा बघायचाय, एवढं म्हणायला जीभ रेटेना. तो लागला होता तेव्हा मी थिएटरच्या दारापर्यंत गेले होते. ओळखीच्या बाई भेटल्या, तर भाजी घ्यायला आले म्हणाले आणि परत फिरले. तू लायब्ररीत कामाला आहेस असं लोकांना सांगत आले. काल धीर करून शेजारच्या काकूंकडे गेले आणि माझी मुलगी सिनेमात होती असं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना ते कधीपासूनच माहीत आहे. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं.

मंडळींना कोणी काही सांगणार नाही. मामा चहा करायला जाणार नाही. तू डबे घेऊन ये. त्यात नुसती तूच आहेस, हे ऐकून बरं वाटलं.

वाट बघते आहे.

तुझी आई